घर, शाळा आणि पुस्तक : शार्लट मेसन यांच्या शिक्षणविचाराचा प्रवास

ग्रंथालयाचा इतिहास लिहावयास बसले की संस्थापक, आश्रयदाते, इमारतनिधी आणि ग्रंथसंख्या यांचा तपशील ओघानेच येतो. कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकांचा तपशील मात्र कोणत्याच अहवालात येत नाही. एखादे पुस्तक वर्षानुवर्षे कोणी मागत नाही, त्याच्या चिठ्ठीवर नवी तारीख पडत नाही, आणि मग केव्हातरी एखादा अनोळखी वाचक ते उघडतो व त्या वाचनातून कित्येक घरांचा दिनक्रम बदलून जातो. इंग्लंडातील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या ग्रंथांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात घडलेल्या, लांब झग्यांच्या आणि घोडागाडीच्या काळातल्या या बाई. पण मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी जी कुटुंबे आज अमेरिकेत, इंग्लंडात आणि अन्यत्र आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या घरी सकाळचा पहिला धडा मेसनबाईंच्या पद्धतीने सुरू होतो.

बडोद्याच्या मराठी वाचकांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो, कारण बाईंचा आपल्या नगरीशी प्रत्यक्ष संबंध कधी आला नाही. परंतु त्यांच्या विचाराचा सारा भार पुस्तकावर आहे. एखाद्या ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी ग्रंथात त्यांना जागा मिळण्यास एवढे कारणही पुरेसे व्हावे. शिवाय ज्या वर्षांत त्या घराच्या बाजूने मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सोडवू पाहत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत श्रीमंत सयाजीराव महाराज तोच प्रश्न राज्याच्या बाजूने सोडवीत होते. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

मेसनबाई आपल्या बालपणाविषयी फारसे बोलत नसत. वेल्समधील बँगोरजवळ जन्म, एका व्यापाऱ्याची एकुलती कन्या, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास मातापित्यांचे छत्र हरपले, एवढीच हकिकत त्यांच्या शिष्यांनी भक्तिभावाने सांगितली. मार्गारेट कूम्ब्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात जुनी कागदपत्रे धुंडाळून या हकिकतीवरची बरीच सजावट दूर केली आहे. वडिलांना आधीच्या विवाहांपासून अनेक अपत्ये होती, घराण्याचा संबंध क्वेकर पंथाशी होता, आणि शार्लट यांच्या जन्मसमयी आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. त्या काळच्या इंग्लंडात अशा गोष्टीचा बभ्रा होणे म्हणजे शिक्षिकेच्या अब्रूला कायमचा डाग लागणे. तेव्हा बाईंनी मौन पाळले यात नवल नाही. ज्या स्त्रीने घरालाच मुलाची पहिली शाळा मानले, तिला स्वतःला सांगण्यासारखे घर नव्हते आणि पुढेही संसार करणे तिच्या वाट्याला आले नाही. हा विरोधाभास ध्यानात ठेवला म्हणजे त्यांच्या लिखाणातील मुलांविषयीचा जिव्हाळा अधिक उमजतो.

लंडनच्या होम अँड कलोनियल ट्रेनिंग कॉलेजात थोडे शिक्षण घेऊन १८६१ मध्ये त्या समुद्रकाठच्या वर्दिंग गावी शाळेत शिकवू लागल्या. १८६२ पासून इंग्लंडात 'निकालाप्रमाणे अनुदान' ही पद्धत जारी झाली होती. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा यायचा, मुलांचे वाचन, लेखन आणि गणित तपासायचा, आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके पैसे शाळेला मिळायचे. शाळांनी काय केले असेल हे सांगावयास नकोच. मुलांकडून तीच पाने वर्षभर घोटून घेतली. तपासनिसाने पुस्तक उलटे धरले तरी मूल घडाघडा वाचीत असे, अशा गोष्टी त्या काळी सांगितल्या जात. मुंबई इलाख्यातील अनुदानाचे नियमही याच वळणाचे होते, त्यामुळे हा प्रकार आपल्या पणजोबांना परका नव्हता. मेसनबाईंनी या व्यवस्थेत सुमारे बारा वर्षे काढली, नंतर चिचेस्टरच्या बिशप ऑटर कॉलेजात शिक्षिका घडविण्याचे काम केले, आणि १८८० मध्ये इंग्लंडच्या परगण्यांवर भूगोलाचे एक वाचनीय पुस्तक लिहिले. पुढचे विचार या अनुभवातूनच आले. मूल म्हणजे भरावयाचे भांडे नव्हे, हे त्यांना पुस्तकातून समजलेले नव्हते. रिकामी भांडी मोजणारा तपासनीस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

१८८५–८६ च्या हिवाळ्यात ब्रॅडफर्ड येथे त्यांनी स्त्रियांपुढे काही व्याख्याने दिली. तीच १८८६ मध्ये 'होम एज्युकेशन' या नावाने ग्रंथरूपाने निघाली. तिचा एवढा बोलबाला झाला की पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये पालकांचा एक संघ उभा राहिला. तो लौकरच देशभर पसरून 'पेरेंट्स नॅशनल एज्युकेशनल युनियन' म्हणजे पालकांचा राष्ट्रीय शिक्षणसंघ झाला, आणि १८९० पासून 'पेरेंट्स रिव्ह्यू' हे मासिक सुरू झाले. १८९१ मध्ये बाई उत्तरेकडे, सरोवरांच्या प्रदेशातील अ‍ॅम्बलसाइड या लहानशा गावी राहावयास गेल्या. वर्ड्‌स्वर्थ कवीमुळे हा प्रदेश इंग्रजी शिकलेल्या आपल्या तीन-चार पिढ्यांना न पाहताच परिचित आहे. १८९२ च्या जानेवारीत तेथे त्यांनी 'हाउस ऑफ एज्युकेशन' हे विद्यालय काढले. घरोघरी जाऊन मुलांना शिकविणाऱ्या गव्हर्नेस तेथे तयार होत. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार.

त्यांच्या विचाराचा पाया एका साध्या विधानावर आहे : मूल जन्मतःच पूर्ण व्यक्ती असते. आज हे वाक्य कोणत्याही पालकसभेत ऐकू येईल. पण मुलाला मऊ माती किंवा कोरी पाटी मानण्याच्या काळात ते धाडसाचे होते. मूल जर व्यक्ती असेल तर त्याच्या मनालाही शरीरासारखी भूक असणार, आणि मनाचे अन्न म्हणजे कल्पना. या कल्पना मोठ्या मनांकडून येतात, आणि ती मोठी मने बहुधा पुस्तकातच भेटतात. म्हणून मुलाच्या हाती द्यावयाचे पुस्तक असे हवे की जे एकाच लेखकाने विषयावरील प्रेमाने, चांगल्या भाषेत लिहिले आहे. अशा पुस्तकांना त्या 'जिवंत पुस्तके' म्हणत. मुलांना समजावे म्हणून पाण्याने पातळ केलेला मजकूर आणि सारांशांची क्रमिक पुस्तके या दोहोंविषयी त्यांना मनस्वी तिटकारा होता. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती त्यांनी प्लूटार्कची चरित्रे आणि शेक्सपिअर दिले, आणि मुले ते आवडीने वाचतात असे दाखवून दिले.

या पद्धतीचा गाभा मात्र पुस्तक वाचण्यात नसून वाचल्यानंतर जे घडते त्यात आहे. बाई त्याला कथन म्हणत. उतारा एकदाच वाचावयाचा; दुसऱ्यांदा नाही. मग पुस्तक मिटून मुलाने जे ऐकले ते आपल्या शब्दांत सांगावयाचे. शिक्षकाने मध्ये प्रश्न विचारायचा नाही, चूक सुधारायची नाही, 'यावरून काय बोध घेशील?' असे तर मुळीच म्हणायचे नाही. एकदाच वाचले जाणार हे ठाऊक असल्याने मूल कान टवकारून ऐकते. आणि आपल्याला सांगायचे आहे हे ठाऊक असल्याने मनातल्या मनात क्रम लावते, महत्त्वाचे वेचते, नको ते टाकते. परीक्षा घेण्यासाठी ही युक्ती नव्हतीच. सांगण्याच्या क्रियेतच ज्ञान मुलाचे होते, असा त्यांचा सिद्धान्त होता. सहा वर्षांचे मूल तोंडी सांगे. नऊ-दहाव्या वर्षापासून लिहूनही काढी. ज्यांनी कीर्तन ऐकून आलेल्या आजीला दुसऱ्या दिवशी पूर्वरंग-उत्तररंगासह सगळे आख्यान पुन्हा सांगताना पाहिले आहे, त्यांना ही पद्धत निराळी समजावून द्यावी लागणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नाहीत. हवा बरी असेल त्या दिवशी मुलांनी चार-सहा तास घराबाहेर काढावेत. लहानांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे, म्हणजे लक्ष उडण्यापूर्वी विषय बदलतो. प्रत्येकाची एक निसर्गनोंदवही, तीत आपण पाहिलेले पान, पाखरू, कीटक जलरंगात काढावयाचा. मोठ्या माणसाने त्यात हात घालावयाचा नाही. एका सत्रात एकाच चित्रकाराची सहा चित्रे न्याहाळावयाची. सवयी लावण्यावर त्यांचा भर फार होता, आणि तो भाग आज वाचताना जरा करडा वाटतो. व्हिक्टोरियन शिस्तीचा वास त्याला आहे. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी जे बोधवाक्य दिले ते असणे, करू शकणे, कर्तव्य असणे आणि संकल्प करणे अशा चार छोट्या क्रियापदांचे होते. त्यातले पहिले 'असणे' आहे, 'शिकणे' नाही.

आता ही शाळा होती कोठे? बहुतांशी टपालाच्या पिशवीत. १८९१ मध्ये त्यांनी पत्रद्वारा चालणारी एक शाळा सुरू केली. वर्षाला तीन सत्रे. प्रत्येक सत्राच्या आरंभी अ‍ॅम्बलसाइडहून छापील कार्यक्रम यायचा : अमुक वर्गाने अमुक पुस्तकाची अमुक पाने वाचावीत, अमुक चित्रे पाहावीत, अमुक फुले शोधावीत. सत्राच्या अखेरीस प्रश्नपत्रिका यायच्या, आणि मुलांची उत्तरे तपासणीसाठी अ‍ॅम्बलसाइडला परत जायची. ज्या लहानग्यांना लिहिता येत नसे त्यांचे कथन आई किंवा गव्हर्नेस शब्दशः उतरून घेई. इंग्लंडातल्या एकाकी खेड्यांतील वाड्यांपासून साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातील साहेबांच्या बंगल्यांपर्यंत हे कार्यक्रम जात. हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या इंग्रज कुटुंबांत सात-आठ वर्षांचे मूल विलायतेस पाठवून देण्याची रीत होती, आणि त्या ताटातुटीचे दुःख त्या काळच्या कित्येक आठवणींत आहे. टपालाने येणाऱ्या या शाळेमुळे मूल आणखी काही वर्षे आईजवळ ठेवण्याची सोय झाली. बंगल्याच्या कुंपणापलीकडच्या मुलांशी या शाळेला कर्तव्य नव्हते, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. पुढे पहिल्या महायुद्धात जेरुसलेम जिंकणारे सेनानी अ‍ॅलेन्बी एकदा घोड्यावरून घरी येत असता झाडावरून त्यांच्या लहान मुलाने आरोळी दिली, की तुम्ही सापळ्यात सापडलात. वर पाहतात तो मुलाच्याही वरच्या फांदीवर त्याची गव्हर्नेस बसलेली. ती अ‍ॅम्बलसाइडला शिकलेली होती, आणि बेडन-पॉवेल यांनी सैनिकांसाठी लिहिलेले टेहळणीचे पुस्तक मुलाला शिकवीत होती. सैनिकांचे पुस्तक मुलांच्याही कामी येते, हे या प्रसंगावरून आपल्या ध्यानात आले, असे खुद्द बेडन-पॉवेल यांनी सांगून ठेवले आहे. बालवीर चळवळीच्या उगमकथांत या झाडावरच्या बाईंचे स्थान असे पक्के आहे.

आता थोडे आपल्या बाजूला वळू. हाउस ऑफ एज्युकेशन निघाले १८९२ मध्ये. १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. महाराजांचे स्वतःचे शिक्षण एका अर्थी गृहशिक्षणच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये गादीवर आला, आणि इलियटसाहेबांसारख्या खास नेमलेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली राजवाड्याच्या आवारात त्याची विद्या झाली. पण स्वतःस लाभले ते त्यांनी राजवाड्यापुरते राहू दिले नाही. शाळेत शिकलेले मूल पुस्तक न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होते हे ध्यानात येताच त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची यंत्रणा उभारली. लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा आपला संग्रह लोकांच्या ग्रंथालयास दिला, आणि फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगाव धाडल्या. अ‍ॅम्बलसाइडहून टपालाने निघणारे कार्यक्रम आणि बडोद्याहून खेड्यात जाणाऱ्या लाकडी पेट्या या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एकीकडे निवड उत्तम, पण ती ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी. दुसरीकडे दार सर्वांना उघडे, पण मुलाशेजारी बसून त्याचे कथन ऐकणारे कोणी असेलच असे नाही.

मराठी मुलखाचा आणखी एक धागा या काळात इंग्लंडात गुंफला जात होता. पंडिता रमाबाई त्या वेळी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या सहवासात राहून शिकत होत्या व शिकवीतही होत्या. बीलबाईंचा मेसनबाईंच्या पालकसंघास पाठिंबा होता. मेसनबाई ब्रॅडफर्डमध्ये आईच शिक्षिका कशी होऊ शकते हे सांगत होत्या त्या हिवाळ्यात, आईच्या तोंडून संस्कृत शिकून पंडिता झालेली एक स्त्री इंग्लंडातच वावरत होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला शिकविले, लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले, आणि तेही गंगामूळच्या रानात आणि नंतर तीर्थयात्रेच्या वाटेवर, घर असे नसताना. गृहशिक्षणाचे याहून बोलके उदाहरण व्हिक्टोरियन इंग्लंडालाही दाखविता आले नसते. त्या कुटुंबाला या विद्येची किंमत समाजाकडून काय मोजावी लागली, ते सर्वश्रुत आहे.

मेसनबाईंकडे परत येऊ, कारण त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उतारवयात घडला. त्यांच्या पद्धतीवर एक आक्षेप सतत घेतला जाई : हे सारे सुखवस्तू, सुसंस्कृत घरातल्या मुलांचे कौतुक आहे; मजुराच्या मुलाला प्लूटार्क काय कळणार? १९१४ मध्ये यॉर्कशरमधील ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावातील सार्वजनिक प्राथमिक शाळेत हा प्रयोग झाला. तीच पुस्तके, एकच वाचन, तेच कथन. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते ती मुले तितक्याच उत्साहाने आणि तितक्याच नेमक्या शब्दांत सांगू लागली. बाईंनी बहात्तराव्या वर्षी हा निकाल पाहिला. ग्लॉस्टरशर परगण्याचे शिक्षणसचिव हाउसहोल्ड हे वृत्त वाचून एवढे प्रभावित झाले की त्यांनी आपल्या परगण्यातील अनेक शाळांत ही पद्धत नेली. बाईंचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या शाळांचा उल्लेख ज्या अभिमानाने येतो तो वाड्यांतील मुलांच्या वाट्यास कधी आलेला नाही. व्यापक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा जन्मसिद्ध वाटा आहे, हे त्यांचे अंतिम मत होते. १६ जानेवारी १९२३ रोजी अ‍ॅम्बलसाइड येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतरची साठ वर्षे हळूहळू ओसरण्याची आहेत. शिष्यांनी निष्ठेने काम चालविले. परंतु गव्हर्नेसचा व्यवसाय संपला, साम्राज्य संपले, शासकीय शाळांत नव्या पद्धती आल्या. पालकसंघाचे नाव बदलले. अ‍ॅम्बलसाइडच्या विद्यालयास बाईंचे नाव मिळाले, आणि पुढे ते एकामागून एक मोठ्या संस्थांत विलीन होत २००७ मध्ये कंब्रिया विद्यापीठाचा भाग झाले. सहा ग्रंथ बाजारातून नाहीसे झाले. संस्था म्हणून पाहिले तर ही कथा येथे संपावयास हवी होती.

ती संपली नाही, कारण १९८४ मध्ये सुझन शेफर मॅकॉले या लेखिकेने 'फॉर द चिल्ड्रन्स सेक' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यांच्या मुली इंग्लंडात मेसनपद्धतीने चालणाऱ्या एका चिमुकल्या शाळेत गेल्या होत्या, आणि त्या शाळेने मुलींत घडविलेला पालट पाहून आईने मूळ विचाराचा शोध घेतला. हे पुस्तक अमेरिकेत अगदी नेमक्या वेळी पोहोचले. जॉन होल्ट यांनी १९७७ पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी पत्रिका चालविली होती; निरनिराळ्या राज्यांत पालक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत होते; १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर झाले. मुलांना घरी ठेवण्याचा हक्क मिळाला, पण सोमवारी सकाळी त्यांना शिकवायचे काय, हा प्रश्न त्या आयांपुढे होता. डीन आणि केरेन अँड्रिओला या दांपत्याने १९८९ मध्ये मेसनबाईंचे सहाही ग्रंथ पुन्हा छापून आणले, आणि उत्तर हाती आले. तेथील शासनाच्या अंदाजाप्रमाणे १९९९ मध्ये घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. २०१२ मध्ये ती अठरा लाखांच्या घरात गेली. ही सारी मेसनपंथी नव्हेत. पुष्कळ घरांत तयार कार्यपुस्तिका भरून घेण्याचाच परिपाठ आहे. तथापि पुस्तके वाचणारी, कथन करणारी, निसर्गनोंदवह्या राखणारी एक ठसठशीत परंपरा त्यांत आहे, आणि ती बऱ्याच अंशी त्या पुनर्मुद्रणातून उगवली आहे. बाईंच्या पद्धतीला एक मोठी सोय अशी की तिला लागणारी जुनी पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व असले की बराचसा खर्च भागतो.

या पुनर्जन्माचे कौतुक करताना काही गोष्टी मात्र डोळ्यांआड करता येत नाहीत. अमेरिकेतील या कुटुंबांत प्रारंभी कर्मठ ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा मोठा होता, आणि शाळेतील ऐहिक विचारांपासून मुलांना दूर ठेवणे हा त्यांतील अनेकांचा हेतू होता. मेसनबाई स्वतः श्रद्धाळू होत्या, पण त्यांची श्रद्धा दारे लावून घेणारी नव्हती. फ्लॉरेन्सच्या एका मठात त्यांनी चौदाव्या शतकातील भित्तिचित्र पाहिले. त्यात पवित्र आत्म्याच्या छायेखाली धर्मविद्यांबरोबर व्याकरण, गणित, संगीत अशा विद्याही बसलेल्या आहेत, आणि त्यांच्या पायाशी सिसेरो, ॲरिस्टॉटल यांसारखे ख्रिस्ती नसलेले आचार्य आहेत. सर्व ज्ञान एकाच मुळातून येते, मग ते कोणाच्याही मुखातून येवो, हा अर्थ त्यांनी त्यातून घेतला व आपल्या शिक्षणविचाराच्या मध्यभागी ठेवला. भिंती उंच करण्यासाठी त्यांचे नाव घेणे मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. त्यांच्या शाळेत मुलांना इंग्लंडचा इतिहास सांगण्यासाठी एच. ई. मार्शल यांचे १९०५ चे 'अवर आयलंड स्टोरी' वापरले जाई, आणि आजही अनेक घरांत ते वाचले जाते. भाषा रसाळ आहे, यात शंका नाही. परंतु १८५७ ची हकिकत त्यात राज्यकर्त्यांच्या बाजूने येते. झाशी, ग्वाल्हेर आणि कानपूर ही नावे ज्यांच्या घरात वेगळ्या सुरात उच्चारली जातात, त्यांना जिवंत पुस्तकाचा हा धोका चटकन कळेल. पुस्तक जितके जिवंत तितका त्यातला पक्षपातही जिवंत, आणि एकदाच वाचून मनापासून सांगितलेली गोष्ट मुलाच्या अंगात मुरते. यावर उपाय दुसरे जिवंत पुस्तक हाच आहे. नीरस, सावध क्रमिक पुस्तक नव्हे. घरात हा उपाय नेहमीच हाताशी नसतो.

तिसरी गोष्ट मला अधिक टोचते. मेसनबाईंच्या काळी घरी शिकविणारी बहुधा पगारी गव्हर्नेस असे. आज ते सारे काम आईवर येते, आणि ते बिनपगारी असते. ज्या घरात एकाच्या मिळकतीवर भागते तेथेच ही पद्धत रुजते. म्हणजे बाईंनी ड्रिग्लिंग्टनमध्ये ज्या आक्षेपाचे उत्तर दिले होते, तो आक्षेप आज त्यांच्या अनुयायांवर पुन्हा येऊन आदळला आहे. अनुयायांनी पहिला ग्रंथ उचलला आणि शेवटच्या ग्रंथातली खाणकामगारांची शाळा बाजूला राहिली, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल, पण अगदीच चुकीचे होणार नाही.

आपल्याकडे बालशिक्षणाचा जो प्रवाह वाढला तो मॉन्टेसोरीबाईंच्या वाटेने. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक, पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्याला देशी रूप दिले. मेसनबाईंना मॉन्टेसोरीपद्धती पसंत नव्हती; साधने पुष्कळ आणि गोष्टी थोड्या, अशी त्यांची तक्रार होती. गिजुभाईंनी वर्गात गोष्टींना जे मानाचे स्थान दिले ते त्यांनी पाहिले असते तर बहुधा ही तक्रार थोडी मवाळ झाली असती.

मुलांना शाळेतून काढून घरी बसविण्याचा पुरस्कार मी करीत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा मान ज्या संस्थानाने हिंदुस्थानात प्रथम मिळविला, तेथील रहिवाशाने तो करणे शोभणारही नाही. परंतु बृहन्महाराष्ट्रातील आपण सर्वजण एका बाबतीत नकळत घरशाळा चालवीतच आलो आहोत. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. मराठी शिकतात ती घरात, आजीआजोबांजवळ, आणि या ग्रंथालयात. त्या भाषेची परीक्षा नाही, गुण नाहीत, तपासनीस नाही. अलीकडे मुले मराठी समजतात पण बोलताना अडखळतात, आणि वाचायला दिले की पुस्तक परत सरकवितात, ही तक्रार सभासदांकडून वारंवार ऐकू येते. आपण त्यांना वाचून दाखवितो. त्यांच्याकडून ऐकत मात्र नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. बालविभागात पुस्तक परत करणाऱ्या मुलाला, त्याची इच्छा असल्यास, पाच मिनिटे बसवून त्या पुस्तकातील त्याला आठवेल तेवढे मराठीत सांगू द्यावे. मध्ये टोकू नये, गुजराती किंवा इंग्रजी शब्द आला तर हसू नये, बक्षीस ठेवू नये, स्पर्धा तर अजिबात भरवू नये. जे लहान आहेत त्यांचे सांगणे एका वहीत त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे आणि वही ग्रंथालयातच ठेवावी. यास खर्च वहीपुरताच आहे. शनिवारी दुपारी दीड-दोन तास ऐकत बसणारी चार-पाच माणसे मात्र लागतील. निवृत्त सभासदांची आपल्याकडे वाण नाही. यादी करावयाची झाल्यास माझे नाव पहिले घालावे.